लिंबाखालचं ताट

नव्वदच्या सुमारास अंबरनाथला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक बाई राहत. कारखान्यात पॅकिंगला होत्या. कुणी काहीही सुनावलं की त्या "मग?" एवढंच म्हणत आणि समोरचा अडखळे.

दारातलं लिंबाचं झाड त्यांनीच लावलेलं. डोंगरातली मोठी काळी-निळी फुलपाखरं एरवी जंगलातल्या माकडलिंबावर अंडी घालतात. त्या वर्षी ती या झाडावर आली. अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत, मग हिरव्यागार झाल्या. डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढून उग्र वास सोडत. पानं भराभर संपू लागली.

चाळीचे सेक्रेटरी फवारणीचा पंप घेऊन आले.

"मावशी, बाजूला व्हा. किडे घराघरात घुसतील."

"तुमच्या घरात काय लिंबाची बाग आहे?"

"मजाक नको. औषध मारणार म्हणजे मारणार."

"मारा. मी जेवायला बसतेय."

त्यांनी झाडाखाली पाट मांडला, ताट आणलं आणि फांदीवरचं लिंबू तोडून वरणभातावर पिळलं. जेवत्या माणसाला उठवायचं कसं? सेक्रेटरी परत फिरले.

अळ्यांचे कोष होईपर्यंत बाई तिथंच जेवल्या. सेक्रेटरीही कामावरून सुटल्यावरच पंप पाठीला लावून येत, घुटमळत. बाई घास न थांबवता विचारत, "वाढू का तुम्हालाही?"