सगळ्या पेढीची एकच किल्ली

हळदीच्या पोत्याचं तोंड कुठंही सुटलं, की सांगलीतली ती पेढी माझ्या नाकात अशी घुसते, की शिंकेनं मिरजेपर्यंतची कौलं उडावीत. मी तिथं कॉम्प्युटर सांभाळायचो. एका सकाळी ऑनलाइन लिलाव तोंडावर आला आणि कुणीतरी बाहेरचा आमच्या साऱ्या खात्यांत शिरलेला दिसला. तो कसा शिरला हे वेळेत कळलं नसतं, तर पठ्ठ्यानं वर्षाची हळद कवडीमोलानं विकली असती. मी नोंदी उघडल्या आणि अंगात वाघच संचारला. चोर अंदाजानं शब्द जुळवत बसला असता, तर एकाच खात्यावर लाखभर धडका दिसल्या असत्या. इथं प्रत्येक नावावर एकच टकटक, की दार उघडं. म्हणजे एकच सोपा शब्द घेऊन गडी घरोघर फिरला होता. "खरं सांगा, पासवर्ड काय हाय तुमचा?" मी ओरडलो. "यमाई," दिवाणजी पुटपुटले. "माझाबी," काट्यावरचा तोलार म्हणाला. सारी पेढी औंधाकडची, आणि यमाई ही औंधाची देवी. शेवटी पेढीचे मालक, मुसलमान शेठ, दाढी खाजवत म्हणाले, "माझाबी त्योच हाय रं. औंधातच वाढलो मी. आई काय तुमचीच व्हय?" हसून हसून थप्पीतली पोती हलली. मी एकेकाला भिंतीकडं तोंड करून नवा शब्द ठरवायला लावला, चोराला हाकललं आणि लिलाव गाठला. दुपारी शेठ कानाशी लागले, "लय अवघड टाकलाय. यमाईदेवी." आता मी हे हल्ले ओळखायला शिकवतो, आणि वर्गात कुणाला पासवर्ड विचारत नाही. फक्त गाव विचारतो.