शेवटची चार अक्षरं

देवावर माझा विश्वास आहे, असं मी छातीठोकपणे सांगत असे. बायकोला मुदतीचा ताप आला आणि चौदाव्या दिवशी तो विश्वास कुठे पळाला, कळलं नाही. धुळ्याजवळच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. या तापाला तेव्हा औषध नव्हतं. एकवीस दिवसांची मुदत भरू द्यायची, एवढं सांगून डॉक्टर गेले. तिच्या उशाशी बसून मी नुसता कापत असे. नाम घ्यायला बसलो तरी तोंडून देवाला शिव्याच येत.

भजनी मंडळात असल्यामुळे अभंगाचं माप तेवढं अंगवळणी पडलं होतं: तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारांचा. म्हणून शाळेच्या पाटीवर लिहू लागलो:

देह तापे तिचा । बोलही नकोसे ।
दार तुझे कैसे । उघडेना ॥

शिवी सहा अक्षरांत बसेना, म्हणून शिवीचंच गाऱ्हाणं झालं. बोटांवर अक्षरं मोजेपर्यंत छातीतली धडधड जरा थांबे. मोजून झालं की भीती पुन्हा हजर, मग पुढचं कडवं. असं रोज चाललं. अखेरच्या कडव्यात आपलं नाव घालून अभंग पुरा करतात, ते मात्र मी करीना. अभंग सरला की तीही सरेल, असं मनाने घेतलं होतं. चार बुकं शिकलेला मी, कुणाला सांगायचीही लाज वाटे.

विसाव्या दिवशी दुपारी एक अनोळखी म्हातारा पाणी मागायला ओट्यावर आला. गळ्यात तुळशीची माळ. मी कडवी पुटपुटत होतो, ती त्याने बसून ऐकली.

“हाई गानं सरस का नही, मास्तर?”

गाणं सरत का नाही, ते सांगताना मी मनातली भीतीही त्याला सांगून टाकली.

“नाव टाकी दे,” तो म्हणाला. “तोवर ते तुनंच शे. देवले काय दिधं तू?”

नाव घालेपर्यंत गाणं माझंच, देवाला मी काही दिलंच नाही, असं त्याचं म्हणणं. पाणी पिऊन तो गेला. पुढे मला कधी दिसला नाही.

मी पाटी घेतली. नाव घातलं, तीन चरण झाले. शेवटी लिहायचं होतं ‘वाचव तिला’. मोजलं तर पाच अक्षरं. उलटसुलट करून पाहिलं, बसेना. मला तर तेवढंच मागायचं होतं! चारांत जे बसलं ते अखेर लिहिलं: ‘तुझीच ती’. आणि वीस दिवसांत पहिल्यांदा मी ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मुदत भरली होती, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. मी मात्र त्या म्हाताऱ्याला आजही मनोमन हात जोडतो.

ती उठून बसू लागली तेव्हा मी तिला अभंग वाचून दाखवला. शेवटचा चरण ऐकून तिने डोळे वटारले.

“मंग मी तुमनी कोन?”

“सांभाळायला दिलेली,” मी म्हणालो.