रातराणीची फांदी

पुसदला आमच्या शेजारी एक निवृत्त कारकून राहत. त्यांच्या अंगणातल्या रातराणीची फांदी कोणी मागितली, की ते कधीच नाही म्हणत नसत. एवढा दिलदार माणूस! फक्त देण्याआधी फांदी आत नेऊन तिचा बुडखा उकळत्या पाण्यात बुडवीत. मी खिडकीतून पाहिलं होतं, बोललो मात्र नाही. गल्लीत एकही फांदी जगली नाही.

"तुमच्या मातीतच दम नाही जी," ते हळहळत.

पुढे वाळवीनं त्यांचंच झाड खाल्लं. तेव्हा समोरच्या बाईंनी आर्णीला माहेरी जाऊन मुळं फुटलेली फांदी आणली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांना आपणहून दिली.

त्यांनी ती उलटसुलट न्याहाळली.

"लावून पाहतो," म्हणाले, "पण आमच्या झाडाची सर नाही याले."