कंदिलावर धरलेलं बोट

माणसाला खरोखर आतून पाहिलेला माणूस मला आयुष्यात एकच भेटला, आणि तो येडशीच्या स्टेशनावर बत्त्या पुसायचा. निजामाच्या राज्यात माणसाचं आतलं ओळखतो म्हणणारे पुष्कळ होते. हकीम होते, वैद्य होते, अंगारा देणारे होते. पण आमचे बत्तीवाले आप्पा कुणाची नाडी धरत नसत की कुणाला जीभ काढायला सांगत नसत. ते फक्त बोट मागत. बोटाचं पेर कंदिलाच्या भिंगावर टेकवून ते नखाकडे पाहत बसत, आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी गुंगी चढे, ती मी पुढे फक्त गाण्याच्या बैठकीतच पाहिली.

मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शाळा सुटली की पाय आपोआप स्टेशनाकडे वळायचे. फलाटाच्या टोकाला आप्पांचं बत्तीघर होतं. एक दगडी खोली, खिडकी नाही, दार लोटलं की भर दुपारी अंधार. आत रॉकेलचा वास, ओळीनं मांडलेले सिग्नलचे दिवे, आणि मधे मांडी घालून वाती कातरणारे आप्पा. एकदा त्यांच्या नखात बाभळीचा काटा मोडला होता. उन्हात धरून पाहिलं तर काही दिसेना. मग दिवा उचलताना बोट सहज भिंगावर पडलं, पेर डाळिंबासारखं लाल उजळलं आणि त्यात काट्याची काळी रेघ स्वच्छ दिसली. काटा निघाला, पण ते लाल बोट काही आप्पांच्या मनातून निघालं नाही. त्या दिवसापासून रेल्वेची नोकरी हा त्यांचा जोडधंदा झाला.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. कुणी रामराम घातला की ते जोडलेल्या हातांकडे पाहून ओळख पटवत. स्टेशनमास्तर त्यांच्या लेखी ‘उभ्या रेघांचे साहेब’ होते, पोस्टमन ‘चेपक्या अंगठ्याचा’, आणि मी, दोन्ही हातांच्या नखांवर मिळून पाच पांढरे ठिपके बाळगून असल्यामुळे, ‘ठिपक्यांचे मास्तर’. औषध ते कधीच देत नसत. आधी उजेड वरून तिरपा टाकत, मग खालून, आणि तीनपैकी एक निकाल देत: ‘वर हाय’, ‘आत हाय’ किंवा ‘काय बी न्हाय’. पुढचं ज्याचं त्यानं बघावं.

एकदा पोलीस ठाण्याचे जमादार आले. अंगठ्याचं नख काळं पडलेलं. हकिमांनी काढा सुरू केला होता, घरी रोज शोरबा शिजत होता, बायकोनं उपास धरले होते. आप्पांनी नख वरून पाहिलं, खालून पाहिलं, ‘वर हाय’ म्हणाले आणि काचेच्या तुकड्यानं हलकेच खरवडलं. दिवसभर लोकांचे अंगठे धरून कागदावर उठवायचे, त्याची शाई जमादारांच्याच नखावर थरावर थर बसली होती. रोग गेला याचा आनंद व्हायच्या ऐवजी जमादार खट्टू झाले, कारण दुसऱ्या दिवसापासून शोरबा बंद झाला.

आणि एका संध्याकाळी तर त्यांनी गाडी अडवली. गार्ड फलाटावर उतरला, त्यानं सहज आपलं दुभंगलेलं नख दाखवलं, आणि आप्पांना बत्तीघरापर्यंत धीर निघेना. त्यांनी गार्डच्या हातातल्या बत्तीवर त्याचीच चार बोटं पसरली. ड्रायव्हरला हिरव्या उजेडाच्या जागी लाल झाक दिसली. निदान तो तरी तसं सांगत होता. गाडी हलेना. कुर्डुवाडीचे उतारू खाली उतरले, भानगड काय म्हणून जवळ आले आणि बोटं पुढे करून रांगेत उभे राहिले. रामलिंगाच्या डोंगरामागे ऊन विझत होतं आणि फलाटावर एकामागून एक बोटं उजळत होती. स्टेशनमास्तर चिडून धावत आले तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, “गाडी उद्या बी हाय साहेब. ह्ये नख आत्ताच हाताशी हाय.”

इतका वेळ हसत सांगितलं. आता जे सांगायचं ते सांगताना मला अजून अवघड वाटतं. माझ्या बायकोच्या उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला गार पाणी लागलं की तिचा जीव जायचा. थंडीत घागर उचलताना ती मधेच पांढरीफटक पडे आणि घागर हातातून सुटे. बोटाला सूज नाही, जखम नाही, नख छान गुलाबी. वैद्यांनी पाहिलं, हकिमांनी पाहिलं, कुणाला काही सापडलं नाही. माझी आई म्हणाली, कामाचा कंटाळा आहे, सोंग आहे. मी शिकलेला, म्हणून मी ‘मनाचे खेळ’ असा जरा सभ्य शब्द वापरला. अर्थ तोच होता. चार वर्षं असं चाललं. शेवटी आईनं ठरवलं, संक्रांत झाली की हिला परंड्याला माहेरी पोचवायचं, आणि परत आणायचं नाही. मी होही म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण तशी आहे खरी.

संक्रांतीला आठवडा असेल. बत्तीघरात बसल्या बसल्या मी हे रडगाणं आप्पांपुढे गायलो. त्यांनी सून कशी, सासू कशी, काही विचारलं नाही. कोणतं बोट, एवढंच विचारलं आणि तिला घेऊन यायला सांगितलं. सुनेनं सासूवाचून स्टेशनावर जायचं नाही म्हणून आईही आली.

दार लोटलं. वरून उजेड टाकला तर काही नाही. मग आप्पांनी तिचं बोट अलगद भिंगावर टेकवलं. सगळं नख लालसर उजळलं, आणि त्याच्या मुळाशी, चंद्रकोरीच्या जरा पुढे, ज्वारीच्या कणीएवढी एक सावली होती. आप्पांनी काडीपेटीतली काडी घेऊन तिचं टोक सावलीच्या शेजारी टेकवलं. बायकोला काहीच दुखलं नाही. मग नेमकं सावलीवर टेकवलं, आणि तिचा श्वासच अडकला. त्यांनी लगेच काडी टाकून दिली.

“आत हाय,” ते म्हणाले. “बगा मास्तर.”

मी पाहिलं. आईनं पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं. सगळ्यांत शेवटी बायकोनं स्वतः पाहिलं. इतक्या वर्षांत पडलेल्या घागरींपाशी ती जेवढी रडली नव्हती तेवढी त्या बोटभर उजेडापाशी रडली.

“हेच,” ती म्हणाली. “चार वर्षं झाली, हेच सांगायले मी.”

सोलापूरच्या डॉक्टरांनी नख उचलून खालची ती कणीएवढी गाठ काढली. कुणी शोधलं म्हणून त्यांनी विचारलं. मी कंदिलाची हकिकत सांगितली तर ते हसले नाहीत. खोलीतला दिवा घालवून त्यांनी टेबलावरच्या बॅटरीवर आधी स्वतःचं बोट धरून पाहिलं. बायको बरी झाली. माहेरचा विषय पुन्हा निघाला नाही. आईनं कधी चुकलं म्हटलं नाही, पण त्या थंडीपासून ती पहाटे उठून आधी सुनेसाठी पाणी तापवायची, गरज उरली नव्हती तरी तापवायची.

दोनेक वर्षांनी आप्पांची नोकरी संपली आणि ते नळदुर्गाकडे आपल्या गावी निघाले. आदल्या दिवशी मी बत्तीघरात गेलो. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं: आप्पा, आम्ही घरची माणसं, आम्हाला चार वर्षांत पटलं नाही, तुम्ही एका दुपारी तिच्यावर विश्वास कसा ठेवलात?

आप्पा भिंग पुसत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“म्या कुठं इस्वास ठेवला मास्तर,” ते म्हणाले. “म्या निस्तं बगितलं.”

मी दारात उभा राहिलो. चार वर्षं ते बोट माझ्या घरात होतं, रोज मला जेवायला वाढत होतं, आणि एकदाही ते हातात घेऊन पाहावं असं मला सुचलं नव्हतं.