हलीनाबाईंची बादली

परदेशाविषयी सोलापुरात आमच्या बाळीवेशीत सगळ्यात जास्त माहिती चनमल्लप्पांना होती. ते कधी तिकडे गेले नव्हते, म्हणूनच माहितीला तोटा नव्हता. तूरडाळीच्या दुकानात गल्ल्यावर बसून ते गिऱ्हाइकाला डाळीबरोबर हेही द्यायचे, की तिकडे आईबापांना घराबाहेर काढतात, शेजारी मेला तर वासावरून कळतं, आणि माणूस गेला की दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. "मायाच न्हाय त्या लोकात," असं म्हणून तराजूचं पारडं हातानं थांबवायचे. मी समोरच राहते, त्यामुळे हे प्रवचन मला पाठ झालं होतं. त्यांची बायको गौरम्मा आतून ओरडायची, "साकु बिडरी." म्हणजे पुरे करा आता. मग ते पुरे करायचे.

गौरम्मा गेली ती भर दुपारी, शेंगा निवडता निवडता. मी तेव्हा पुण्याला लेकाकडे होते. परत आले तोवर तिला गावी, दुधनीला नेऊन मातीत बसवून झालं होतं. त्यांच्यात जाळत नाहीत. अंगाला विभूती लावून, हातात लिंग देऊन माणसाला बसवतात आणि वर माती लोटतात. मी भेटायला गेले तर अप्पा दुकानात बसलेले. रडले नव्हते. मला म्हणाले, "या वैनी," आणि एका बाईला डाळ तोलून दिली.

पुढे वर्षभर ते असेच होते. दुकान भाच्याकडे सोपवलं. मी भाजी नेऊन दिली की खायचे, नाही दिली तर विचारायचे नाहीत. परदेशाचं प्रवचनसुद्धा बंद झालं, आणि खरं सांगते, मला त्याचीच चुटपुट लागली. एकदा मी चिडून म्हटलं, "अप्पा, एकदा मोकळं रडून तरी घ्या."

"येत न्हाय," ते म्हणाले. "आत कोनच न्हाय असं झालंय. तिची आठवन काडाया बसलो तर भिंत बघत बसतोय. लई भ्या वाटतंय त्याचंच."

शेवटी त्यांची लेक काव्या आली आणि त्यांना पोलंडला घेऊन गेली. ती तिथे कंपनीत नोकरीला आहे. त्या शहराचं नाव अप्पांच्या जिभेवर कधी चढलं नाही, ते 'काव्याचं गाव' म्हणतात. पुढचं सगळं मला त्यांनी परत आल्यावर ओट्यावर बसून सांगितलं, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं.

काव्याच्या खालच्या मजल्यावर हलीना नावाची म्हातारी राहायची. एकटी. अप्पांनी पहिल्याच दिवशी निकाल लावला की हिला पोरांनी टाकलंय. काव्यानं तिला आपली कडक भाकरी दिली, तर तिनं ती आधी टेबलावर वाजवून पाहिली. अप्पांना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

ऑक्टोबर संपत आला, थंडी पडली. एके सकाळी अप्पा खिडकीत उभे होते. हलीनाबाई पाठीत वाकून चालल्या होत्या, एका हातात बादली, दुसऱ्या हातात घासायचा ब्रश, काखेत चिंध्या. अप्पा लेकीला म्हणाले, "बगितलीस? ह्या वयात लोकाच्या फरश्या पुसाया जाती. म्हनून म्हनत हुतो, ह्या लोकात माया न्हाय."

काव्या म्हणाली, "अप्पा, त्या नवऱ्याचं थडगं धुवायला चालल्यात."

अप्पांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. ते चप्पल घालून तसेच खाली गेले, हलीनाबाईंच्या हातातली बादली घेतली आणि त्यांच्यामागून चालू लागले. काव्या स्वेटर घेऊन मागून धावली.

स्मशानात जत्रेसारखी माणसं होती. कुणी दगड घासत होतं, कुणी पानं गोळा करत होतं, एक बाप पोरांना नळावर पाठवत होता. एक नोव्हेंबरला तिथे सगळ्या मेलेल्यांचा दिवस असतो, त्याची ती तयारी. हलीनाबाईंचा नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली. बाई दगड घासत होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. काव्याला तोडकंमोडकं कळत होतं. बाई नवऱ्याला सांगत होत्या की यंदा सफरचंदं आंबट निघाली.

मग त्यांनी मान वर करून अप्पांना काही विचारलं. अप्पांनी काव्याकडे पाहिलं.

"काय म्हनती?"

"विचारतायत, तुम्ही इथं आलात, तर आपल्या आईचं थडगं कोण धुतंय."

अप्पा म्हणाले, "सांग, आमच्यात धुत न्हाईत."

हे सांगताना ते ओट्यावर थांबले. "खोटं न्हवतं ते वैनी. आमच्यात दगड न्हाय, नाव न्हाय. माती झाली, संपलं, असं आमचा बा बी म्हनायचा. पन मला तितं येगळंच सुचलं. गौरी कुटं बसलीया, ते मला सांगाया येत न्हवतं. जागाच डोळ्याम्होरं येईना."

सणाच्या दिवशी हलीनाबाईंचा मुलगा सून-नातवंडांना घेऊन आला, गाडीभर फुलं घेऊन. टाकलेली म्हातारी मध्ये बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. संध्याकाळी स्मशानभर दिवे लागले. मधल्या मोठ्या क्रूसाशी, ज्यांची माणसं दूर कुठे पुरली आहेत ते लोक दिवा ठेवतात. हलीनाबाईंनी लाल काचेचा, झाकणाचा एक दिवा अप्पांच्या हातात दिला आणि तिकडे बोट केलं. अप्पांनी तो लावला नाही. स्वेटरात गुंडाळून सोलापूरला आणला.

"तिच्याजवळच लावतो," मला म्हणाले. "चला दुधनीला. एकट्यानं जाववत न्हाय."

आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या स्मशानात, वेडी बाभूळ माजली होती, माणसाच्या उंचीची. अप्पा म्हणाले होते कडुलिंबाजवळ, तर तिथे लिंब तीन. ते एकेका लिंबाखाली गेले, दिवा छातीशी धरून, आणि परत आले. माती सगळीकडे सारखीच होती. बायकोची जागाही लक्षात ठेवली नाही म्हणून मला त्यांचा राग आला होता, आणि तो राग त्यांच्याकडे बघताना टिकेना.

बाजूच्या खोपटातून बनाबाई आली. तिच्या घरचे खड्डे खणायचं काम करतात. अप्पांनी तिला विचारलं.

"दोन पावसाळे झाले की," ती म्हणाली. "माती बसली की समदं सपाट. हितंच हाय कुटंतरी."

अप्पांनी मधल्या लिंबाखाली जरा खोल वाटणारी जागा बघितली. बसले, पाला सारला, दिवा लावला. मी हात जोडले. बनाबाई हळूच म्हणाली, "अप्पा, ती तुमची न्हाय. तितं आमची सासू हाय."

अप्पांनी दिवा उचलायला हात पुढे केला.

"ऱ्हाऊ द्या," बनाबाई म्हणाली. "तिला तरी कुनी लावलाय आजवर."

त्यांनी हात मागे घेतला. मला वाटलं आता उठतील आणि म्हणतील, चला, गाडीची वेळ झाली. त्यांनी बनाबाईकडे कोयता मागितला.

"कशाला?"

"कुटली ते कळंना, तर समदंच साफ कराया पायजे की."

जन्मभर तराजू धरलेला हात. पहिल्या दोन घावांत बाभळीची फांदीसुद्धा हलली नाही. बनाबाई हसली आणि मीही हसले. तिसऱ्या घावाला त्यांनी फांदी मुठीत धरली आणि काटा तळव्यात खोल गेला. रक्त मनगटावर ओघळलं. मी पदर फाडायला पुढे झाले, तर त्यांनी मला अडवलं. हात डोळ्यांजवळ नेऊन ते बघत राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "दुकतंय की."

मग ते खाली बसले आणि रडायला लागले.