परत आलेले प्रस्थान

विघ्नहर्त्या गजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, आणि ज्याच्या कुशीत साऱ्या द्वीपांचा संसार चालतो त्या सागरदेवाला स्मरून, नारळी पौर्णिमेच्या या प्रसन्न सकाळी फणसवाडीतल्या आमच्या चाळीतील एक आठवण लिहावयास बसलो आहे.

आमच्या शेजारच्या वहिनींचे माहेर मालवणकडचे. पती हयात नाहीत. एकुलती एक मुलगी मालवाहू जहाजावर अधिकारी. गेल्या वर्षी तिला सिंगापुरात जहाजावर चढून युरोपला जायचे होते. ही सफर पुरी झाली की वरच्या परीक्षेला बसण्याइतका तिचा समुद्रावरचा काळ भरणार होता. नेमका त्या सुमारास तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले आणि कंपनीने निघण्याची तारीख पुढे ढकलली.

मुहूर्त मात्र टळू नये, म्हणून वहिनींनी जुन्या रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवले. ठरल्या वेळी स्वतः निघणे शक्य नसेल, तर प्रवासाचे एखादे सामान हळदकुंकू वाहून, सुपारीसह शेजारच्या घरी ठेवावे. म्हणजे प्रवासाला आरंभ झाला असे मानतात. ते सामान मागे घरात आणीत नाहीत. मुलीचा स्वेटर घातलेली पिशवी अशी आमच्या दाराआड आली.

त्या दिवशी आमची मंडळी दादरला बहिणीकडे होती. परतल्यावर, मी पोथीत गढलो असताना, तिला ती पिशवी दिसली आणि शेजारधर्माला जागून तिने ती उचलून वहिनींच्या हातात नेऊन दिली.

वहिनी तशाच आमच्या दारात आल्या. मन हलले की त्यांची माहेरची बोली वर येते आणि मुलगी 'चेडू' होते. "गुरुजी, प्रस्थान घरात परत इला! मी आता चेडवाक धाडूचंय नाय."

"अहो, मला काय ठाऊक!" आमची मंडळी कपाळाला हात लावून म्हणाली. "वाटलं, पोर पिशवी विसरली. परदेशात स्वेटरावाचून कुडकुडेल."

मुलगी पाठोपाठ आली. "आई, तू मनापासून हो म्हटलंस तर जाईन. नाहीतर आजच कळवते, दुसरं कोणी बघा. पण जायचं ठरलं, तर तोंड फुगवून निरोप द्यायचा नाही."

"माझं तोंड जन्मापासून असंच आहे," वहिनी म्हणाल्या. पण डोळे भरलेले होते.

प्रस्थान पुन्हा ठेवता येते; दुसरा मुहूर्त काढून देणे माझ्या हातचे होते. परंतु पिशवी केवळ निमित्त होती. वहिनींच्या घरी दूरदर्शन संच दिवसभर चालू असे, आणि त्यातील निवेदक सकाळ-संध्याकाळ तिसरे महायुद्ध पेटवीत असे. ती भीती मुहूर्ताने झाकावी, हे मला पटेना. मी दोघींना चटईवर बसविले आणि नातवाचा शाळेतला नकाशांचा संग्रह उघडला.

आमच्या गुरूंनी मीमांसा शिकविताना एक दृष्टी दिली होती. ग्रंथातील काही वाक्ये काय करावे ते सांगतात, तो विधी. काही वाक्ये नुसती स्तुती वा निंदा करतात, मनाला ओढ किंवा धाक लावतात, तो अर्थवाद. अर्थवाद खोटाच असतो असे नाही, पण त्यावरून कृती ठरवायची नसते. जगाच्या वार्ताही मी अशाच वाचतो. वर्तमानपत्र घेऊन मी वहिनींना विचारीत गेलो.

"'जग विनाशाच्या उंबरठ्यावर.' यात कोणी काय करायचे सांगितले आहे?"

"काय्येक नाय. नुसती बोंब."

"आणि 'जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाणार'?"

"ह्यात सांगितलाहा." त्या पुढे सरकल्या. "खयसून वळसा?"

मुलीने बोट ठेवून वाट दाखविली: हिंद महासागर, आफ्रिकेचे दक्षिण टोक, मग वर युरोप. तांबडा समुद्र पार वरच्या कोपऱ्यात राहिला. "आमचं जहाज तिकडे फिरकणारच नाही. लांबचं पडतं, तेल जास्त जळतं. आता किती धूर सोडला त्यावरून जहाजाला श्रेणी मिळते, तीही घसरते. पण तरी वळसाच घ्यायचा, असं ठरलंय."

वहिनींनी त्या वाटेवरून स्वतःचे बोट फिरविले. "म्हणजे भांडण त्यांचं, आणि धूर साऱ्या जगाला?"

"हो, आई."

"मग हे तो टीव्हीवरचा टायवाला का सांगत नाही?"

मग वहिनींनी मुलीला विचारले, "त्या खालच्या टोकाला लाटा?"

"मोठ्या असतात," मुलगी म्हणाली. तिने लपविले नाही. "सवय आहे मला."

"लाटांचं मला कळतं. माझा बापूस होडीवर होता." वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि मुलीच्या पाठीत हलका धपाटा घातला. "जा. पोचल्यावर फोन कर. आणि गुरुजी, मुहूर्त काढा. ह्यावेळी तुमची मंडळी घरात असतानाच."

आमची मंडळी पदर तोंडाला लावून हसली.

मुलगी गेली, वळसा घालून सुखरूप पोचली, आता परीक्षेच्या अभ्यासाला लागली आहे. वहिनी दुपारी नकाशा मागून नेतात. काल हवामान परिषदेची बातमी त्यांनीच मला वाचून दाखविली, आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारले, "ह्यात कोणी काय करायचं कबूल केलंय?" पुष्कळ ओळी नुसता अर्थवाद निघाल्या, थोड्या विधी. विधीच्या ओळींखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढली, आणि त्या दुपारी मला मोठे समाधान वाटले.

वाचकहो, आपल्या घरातून जे दूर गेले आहेत त्यांची वाट निर्वेध असो, जे घरी आहेत त्यांचे चित्त स्वस्थ राहो, आणि जगाची वार्ता आपल्या उंबऱ्यात भय न आणता विवेक घेऊन येवो. आपल्या कुळाचे सदैव कल्याण होवो.