मायचं विरजण

आमचे चौबे कॉलनीतले शेजारी समोरच्याचं ऐकतच नाहीत, असं मी धरून चाललो होतो. रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. आपण काही सांगायला लागलो की त्यांची नजर नळाकडे, आणि वाक्य अर्धं असतानाच "हव, हव" म्हणून मोकळे.

नवा रायपूरच्या ऑफिसातून सुटी मिळाली आणि आम्ही दोघं पाच दिवसांसाठी अंदमानला निघालो. कुंड्यांना पाणी घालायला घराची किल्ली त्यांना दिली. सूचना संपायच्या आत "हव."

तिथं बोटीत बायकोनं विचारलं, "मेन स्विच बंद केला ना जी?" मी ऐटीत हो म्हणालो. तिचा चेहरा उतरला. फ्रिजमध्ये तिच्या आईचं विरजण होतं. आई गेल्यावरही त्याच विरजणाचं दही आमच्याकडे रोज लागत होतं. पुढे तिनं समुद्र पाहिला, पोवळी पाहिली, पण जेवताना दह्याची वाटी बाजूला सारली.

परतलो तर शेजारी गेटवर वाटी घेऊन उभे.

"फ्रिज बंद दिसला, म्हणून तुमच्या मायचं विरजण घरी नेलं. रोज दही लावून राहिलो. मले दही चालत नाही, पाऱ्यात, आजूबाजूच्या घरी वाटून टाकलं."

बायकोनं वाटी दोन्ही हातांनी घेतली. "मायचं आहे हे तुम्हाले कोणी सांगितलं, काका?"

"तुम्हीच. मागं एकदा, कपडे वाळू घालताना."

मीही तेव्हा तिथंच होतो. ते नळाकडे पाहत होते, एवढं मला आठवतं. ती काय सांगत होती, ते आठवत नाही.